मध्ये पडलेली अकरा माणसं

दत्तात्रेय सोहोनी मास्तरांना केळंब्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागून एकवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत कुठल्याही शब्दाला ते बिचकले नव्हते. स्पेलिंग अवघड असो की उच्चार वाकडा, मास्तर खडू घेऊन त्याच्यावर चालून जात. पण गेल्या जूनपासून एका क्रियापदाची त्यांनी धास्ती घेतली होती. ते क्रियापद म्हणजे 'इंटरव्हीन'. पुस्तकात हा शब्द आला की मास्तरांना खोकला येई, आणि खोकला थांबेपर्यंत ते पुढच्या ओळीवर पोचलेले असत.

आणि शहाऐंशीच्या फेब्रुवारीत शाळेच्या तपासणीला नेमका तोच धडा निघाला.

तपासणी साधीसुधी नव्हती. शाळेला दहावीचा वर्ग त्या वर्षी नुसता चाचणीवर मिळाला होता. वर्गाला खोलीसुद्धा नव्हती, तो पडवीत भरत असे. रत्नागिरीहून अधिकारी येणार, पाठ बघणार, आणि त्यांचा अभिप्राय बरा आला तर वर्ग कायम होणार. नाहीतर पुढच्या वर्षीपासून दहावीला जायचं तर एसटीनं दापोली गाठायची. मुलगे गेले असते. मुलींचं शिक्षण नववीवर थांबलं असतं, हे गावात कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

"सातवा धडा घ्या," राजाभाऊ हेडमास्तर म्हणाले. "शब्द कृतीतून शिकवायचा, असं त्यांचं पत्र आहे. वर्गात मराठीचा एक शब्द यायला नको. बाई कडक आहेत म्हणतात."

"सातव्याऐवजी आठवा घेतला तर?" मास्तरांनी चाचपून पाहिलं.

"आठवी कविता आहे. चांदण्यावरची. दुपारी साडेअकराला तुम्ही चांदणं कृतीतून कसं दाखवणार?"

सातव्या धड्यात दोन शेजारी भांडतात आणि एक म्हातारा मध्ये पडून ते भांडण सोडवतो. म्हणजे धड्याचा सगळा जीव त्या एका क्रियापदात होता. तिथं खोकून भागणार नव्हतं.

राजाभाऊंनी कृतीही तिथल्या तिथं ठरवून टाकली. "तुम्ही आणि गोरिवले वर्गात खोटंखोटं भांडा. तुमचं भांडण झालेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही, तेव्हा मुलांना हे नाटक आहे हे लगेच कळेल. कोणी घाबरणार नाही."

गोरिवल्यांचं नाव ऐकताच मास्तरांना खोकला आला.

रावजी गोरिवले हे शाळेचे ड्रिलचे मास्तर. आवाज असा, की मैदानावर 'सावधान' म्हणाले तर पलीकडच्या वाडीतली ढोरंसुद्धा मान वर करून उभी राहत. सोहोनी आणि गोरिवले यांच्या घरांमध्ये चिऱ्यांची एक बुटकी भिंत, म्हणजे गडगा, होती आणि त्या गडग्यावर दोघांचा संध्याकाळचा चहा होत असे. एकदा सोहोन्यांकडून, एकदा गोरिवल्यांकडून. हे चौदा वर्षं चाललं होतं.

गेल्या एप्रिलात गोरिवल्यांसाठी एक इंग्रजी पत्र आलं. पुण्याला ड्रिलच्या शिक्षकांचं तीन आठवड्यांचं शिबिर होतं. मोठं मैदान, बँडच्या तालावर कवायत. गोरिवल्यांनी आयुष्यभर शिट्टीवर कवायत घेतलेली, त्यांना त्या बँडचंच अप्रूप होतं. पत्र त्यांनी सोहोनी मास्तरांपुढे धरलं तेव्हा मास्तर पिशवी घेऊन एसटीच्या वाटेला लागले होते. उभ्याउभ्याच त्यांनी ते वाचलं. पत्रात होतं की अमुक आणि तमुक या दोन तारखांमधल्या पंधरवड्यात नाव पोचलं पाहिजे. 'मधला' याला तिथं 'इंटरव्हीनिंग' असा शब्द होता. लांबून एसटीचा हॉर्न वाजला आणि मास्तरांनी तो 'इंटरव्ह्यूइंग' असा वाचला.

"गोरिवले, पंधरा दिवसांत तुमचा इंटरव्ह्यू आहे," असं सांगून मास्तर धावत सुटले. धावताधावता मागं वळून म्हणाले, "बोलावणं येईल. तोवर तुम्ही काही करू नका."

गोरिवल्यांनी काही केलं नाही. म्हणजे मनापासून काही केलं नाही. दापोलीहून पांढरी विजार शिवून आणली, कॅनव्हासच्या बुटांना रोज पांढरं फासलं, आणि पोस्टमन दिसला की फाटकात जाऊन उभे राहिले. पंधरवडा गेला. महिना गेला. पुण्यात बँड वाजून गेला. "नशिबात नव्हतं," असं म्हणून गोरिवल्यांनी ती विजार ट्रंकेत ठेवली.

जूनमध्ये कसला तरी दुसराच शब्द शोधताना मास्तरांना शब्दकोशात 'इंटरव्हीन' दिसला. मध्ये येणे. दोन गोष्टींच्या दरम्यान असणे. भांडणात मध्ये पडणे. मास्तरांनी तीनही अर्थ वाचले, कोश मिटला आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यांना सांगायचं नव्हतं असं नाही. रोज चहाला जाताना ते ठरवून जात. पण दर वेळी काहीतरी मध्ये येई. एकदा गोरिवल्यांची गाय व्यायला झाली. एकदा लीलाताई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, फणसाचे तळलेले गरे घेऊन आल्या आणि तोंडात गरे असताना अपराध कबूल करणं बरं दिसेना. मग गणपती आले, दिवाळी आली. आठ महिने झाले. जी गोष्ट पहिल्या दिवशी चूक होती ती आता लपवाछपवी झाली होती, आणि त्याला कोशात फार वाईट शब्द होते.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी गडग्यावर चहाबरोबर तालीम झाली.

"मला इंग्रजी कुठं येतं?" गोरिवले म्हणाले. "माझं इंग्रजी अटेंशनला सुरू होतं आणि डिसमिसला संपतं."

"एकच वाक्य म्हणायचं. 'यू टुक माय अंब्रेला.' तुम्ही माझी छत्री घेतलीत. मी म्हणेन, 'नो, आय डिड नॉट.' असं तीनदा. आवाज चढवत न्यायचा. मग मी 'इंटरव्हीन' म्हटलं की गंगा आणि जनी पुढच्या बाकावरून उठतील आणि आपल्यामध्ये येऊन उभ्या राहतील. संपलं."

"इंटरव्हीन म्हणजे?"

"मध्ये पडणे."

"नाक खुपसणे?"

"नाही. ते इंटरफिअर."

"फरक काय?"

मास्तरांनी विचार केला. "भांडणाऱ्याला मागाहून बरं वाटलं, तर इंटरव्हीन. राग आला, तर इंटरफिअर."

गोरिवल्यांनी बशीतला चहा संपवला. "आणि त्या इंटरव्ह्यूशी याचं काही नातं?"

मास्तरांना असा खोकला आला, की पाठ चोळायला लीलाताईंना घरातून यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुमेधाबाई भागवत जीपमधून उतरल्या. सडपातळ बाई, सुती साडी, हातात वही. चहा नको म्हणाल्या, नारळपाणी नको म्हणाल्या, सरळ पडवीत येऊन मागच्या बाकावर बसल्या. पडवीच्या एका बाजूला कमरेएवढी भिंत होती, वर सगळं मोकळं. पलीकडे रस्ता. राजाभाऊ दारात उभे राहिले आणि अधूनमधून मान डोलवू लागले.

सुरुवात उत्तम झाली. मास्तरांनी शेजारी दाखवले, गडगा दाखवला, म्हातारा दाखवला. मुलं इंग्रजीत उत्तरं देत होती. सुमेधाबाई लिहीत होत्या, आणि लिहिताना त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. मास्तरांना धीर आला. त्यांनी दाराकडे पाहून मान हलवली. गोरिवले ताठ पावलांनी आत आले. त्यांनी ती पांढरी विजार घातली होती.

विजार पाहिली आणि मास्तरांना पुढचा शब्द आठवेना.

गोरिवले त्यांच्यासमोर उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि गरजले, "यू टुक माय..."

इथं ते थांबले. वर्ग वाट पाहू लागला. मास्तरांनी ओठांनीच 'अंब्रेला' असं केलं.

"यू टुक माय कँप," गोरिवले म्हणाले.

मास्तरांच्या हातातला खडू पडला. विसरून म्हणाले, की कळून म्हणाले? गोरिवल्यांच्या चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. तो चेहरा कवायतीचा होता, सरळ समोर बघणारा. पण मास्तरांच्या घशात आठ महिने अडकलेला काटा त्या एका शब्दानं हलला. 'नो, आय डिड नॉट' हे ठरलेलं वाक्य त्यांच्या तोंडातून निघेचना. ते निघालं असतं तर त्यांनी आपली जीभ छाटून टाकली असती.

"यस," ते म्हणाले. "आय डिड. इट वॉज माय मिस्टेक. आय रेड द लेटर राँग."

आता गोरिवल्यांची पंचाईत झाली. त्यांना 'नो' ऐकायची सवय करून दिली होती. "काय?" ते हळूच म्हणाले.

मागं सुमेधाबाईंची पेन्सिल बाकावर टकटक वाजली. मराठी नको.

"आय ॲम सॉरी," मास्तर म्हणाले. "आय वॉज अशेम्ड. आय कुड नॉट टेल यू." बोलताबोलता त्यांना रडू फुटलं. एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर ते थांबेनात. कधी नव्हे ते अस्खलित इंग्रजी त्यांच्या तोंडून वाहू लागलं. एप्रिल, एसटी, पंधरवडा, कोश, गाईचं बाळंतपण, सगळं. दहावीचा वर्ग तोंड उघडं टाकून ऐकत होता. गोरिवल्यांना त्यातलं 'काऊ' तेवढं कळलं.

"मराठीत बोला," गोरिवले दबक्या आवाजात म्हणाले.

"आय कॅनॉट. द मॅडम."

"अहो, काय ते मराठीत बोला."

"आफ्टर द लेसन, प्लीज."

गोरिवल्यांचा चेहरा लाल झाला. काहीतरी महत्त्वाचं आपल्यालाच सांगितलं जातंय आणि वर्गातल्या पंधरा वर्षांच्या पोरांना ते कळतंय, आपल्याला कळत नाही, हे त्यांना सोसेना. त्यांना ओरडायचं होतं. पण मराठीला बंदी, आणि इंग्रजी त्यांच्याकडे होतं तेवढंच होतं.

"अटेंशन!" ते ओरडले.

सगळा वर्ग खाडकन उभा राहिला. हात सरळ, टाचा जुळलेल्या, नजर समोर. गंगा आणि जनीही उभ्या राहिल्या. आणि मास्तर जेव्हा घाबऱ्या घाबऱ्या 'इंटरव्हीन, इंटरव्हीन' म्हणाले तेव्हा त्या दोघी हलल्या नाहीत, कारण गोरिवले सरांनी अटेंशन म्हटल्यावर माशी नाकावर बसली तरी हलायचं नाही, हे त्या पाचवीपासून शिकल्या होत्या.

गोरिवल्यांनी मास्तरांचा सदरा छातीशी धरला. मारायला नाही. लहान मूल उत्तर देत नसलं की आपण त्याचा दंड धरतो, तसा. पण धरणारा हात गोळाफेकीचा होता. सदऱ्याचं बटण तुटलं, मास्तर दोन पावलं भिंतीकडे गेले, त्यांचा चष्मा नाकावरून निसटला आणि भिंतीपलीकडे गेला.

बुरोंडीहून मासळी घेऊन येणारी मैना त्या वेळी भिंतीबाहेरच्या सावलीत टेकली होती. तिनं मान वर करून पाहिलं. आत ड्रिलच्या मास्तरानं इंग्रजीच्या मास्तराची छाती धरलेली. इंग्रजीचा मास्तर रडतोय. चाळीस पोरं दगडासारखी उभी. आणि एक परकी बाई मागं बसून हे सगळं वहीत उतरून घेतेय.

"अरे, धावा रे," मैना रस्त्याकडे तोंड करून ओरडली. "मास्तराला मारतोय."

रस्त्यापलीकडे महिपत गावकर तीन गड्यांना घेऊन गडगा रचत होता. हातातला चिरा तसाच टाकून चौघं आले. ते धावताना दिसले म्हणून दुकानातला काशीराम आला. काशीराम दुकान उघडं टाकून गेला म्हणजे काहीतरी भयंकर असणार, म्हणून दुकानातली चार गिऱ्हाइकं आली. भिकाजी शिपायाला काही सुचेना, तेव्हा त्यानं घंटा बडवायला घेतली. घंटा ऐकून बाकीचे वर्ग सुटले. आणि मैना साडीचा काष्टा सावरत, कमरेएवढ्या भिंतीवरून सरळ आत उतरली.

"हा पाठ आहे," राजाभाऊ दारातून सांगत होते. "अहो, हे शिकवणं चाललंय."

"कायतरीच काय सांगता?" महिपत त्यांना बाजूला सारत म्हणाला. "रडून कोण शिकवतो?"

सुमेधाबाई समजवायला पुढे आल्या तर मैनानं त्यांना हातानं अडवलं. "बाय, तुमी मधी पडू नका. लागंल."

महिपतानं मास्तरांना मागून कवेत धरलं. मास्तर मुळात काटकुळे, ते जमिनीवरून उचललेच गेले. गोरिवल्यांना धरायला पाच जण लागले, म्हणजे धरायला एकही लागला नसता, कारण ते मघाच सदरा सोडून स्तब्ध उभे होते. पण आलेल्या माणसांना काहीतरी धरायला हवं होतं. चाळीस मुलं अजून अटेंशनमध्येच होती. शेवटी गोरिवल्यांनाच पाच जणांच्या गराड्यातून 'स्टँड ॲट ईज' म्हणावं लागलं.

"आता बसा," महिपत म्हणाला. गावातलं भांडण म्हणजे महिपताचा प्रांत. "मधी पडलो तर अर्धवट सोडून जायाचा नाय. काय झाला ता सांगा."

मास्तरांनी सुमेधाबाईंकडे पाहिलं. चष्मा नव्हता, म्हणून बाईंच्या जागी त्यांना नुसता एक पांढरट डाग दिसत होता.

"सांगा," तो डाग म्हणाला. "मराठीत सांगा."

मग सोहोनी मास्तरांनी चाळीस मुलं, अकरा माणसं आणि एक अधिकारी यांच्यासमोर, बाकाच्या कडेवर बसून, खाली मान घालून मराठीत सांगितलं. पत्र आपण घाईत वाचलं. शब्द चुकीचा वाचला. त्यामुळे गोरिवल्यांचं शिबिर गेलं. ते पंधरा दिवस फाटकात उभे राहिले ते आपल्यामुळे. आणि कळल्यावर आपण आठ महिने तोंड मिटून त्यांचा चहा प्यालो.

"इंग्रजीचा मास्तर आणि इंग्रजी चुकलो, हे सांगायची लाज वाटली," ते म्हणाले. "एवढंच. दुसरं कारण नाही."

गोरिवल्यांनी आपल्या विजारीवरची धूळ झटकली, उभे राहिले, "कळलं," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. थोड्या वेळानं मैदानावरून त्यांची शिट्टी ऐकू आली. आठवीची कवायत होती.

माणसं एकेक करून पांगली. मैनानं टोपली डोक्यावर घेतली आणि ती पुढच्या वाडीला गेली. सुमेधाबाई जीपकडे निघाल्या तेव्हा मास्तर चाचपडत त्यांच्यामागे गेले.

"बाई, माझ्यामुळे मुलींचा वर्ग जायला नको. दोष माझा आहे. शाळा चांगली आहे."

सुमेधाबाई थांबल्या. "सोहोनी, पाठ घेताना वर्गात शिस्त राहिली नाही. ते मी लिहिणार." मग म्हणाल्या, "पण जाताजाता त्या पुढच्या बाकावरच्या मुलीला मी इंटरव्हीनचा अर्थ विचारला. ती म्हणाली, 'मैना फिश-वुमन इंटरव्हीन्ड. बट टू लेट.' मला बारा वर्षांत क्रियापदाचा भूतकाळ इतका बरोबर कोणी सांगितला नव्हता. वर्ग कुठंही जात नाही."

जीप गेली. मास्तर तिथंच उभे राहिले. त्यांना मोठ्यानं हसावंसं वाटलं आणि हसायला शेजारी कोणी नव्हतं.

मास्तर घरी आले ते चष्म्याशिवायच. भिंतीबाहेर शोधाशोध झाली होती, सापडला नव्हता. मग जनी गोरिवल्यांच्या अंगणातून सांगत आली की चष्मा पडताना तिनं पाहिला होता, तो मैनाच्या टोपलीत पडला. अटेंशनमध्ये होते म्हणून बोलले नाही, असंही तिनं सांगितलं. आणि मैना तर दुपारच्या गाडीनं बुरोंडीला गेली होती.

संध्याकाळी गडग्यावर जायची वेळ झाली. लीलाताईंनी दोन कप भरले, पाहिलं, आणि एक परत किटलीत ओतला. पलीकडच्या अंगणात गोरिवले नव्हते. सायकलही नव्हती.

"मधे पडायला अकरा जण आले म्हणे," लीलाताई बोलायचं म्हणून बोलल्या. "आपल्या लग्नात मुहूर्ताला एवढी माणसं नव्हती."

"त्यांचे आभार मानले पाहिजेत," मास्तर म्हणाले. "ते आले नसते तर मी इंग्रजीतच कबूल करून मोकळा झालो असतो. आणि गोरिवल्यांना काही कळलं नसतं."

"आता कळून ते रुसले."

"रुसू देत. माझ्या डोक्यावरचं ओझं गेलं."

हे ते म्हणाले खरं, पण त्यांची नजर वाटेवर होती. नजरेला तसं काहीच दिसत नव्हतं, म्हणून ते कान देऊन बसले होते. ऊन उतरलं. माडांच्या सावल्या अंगण ओलांडून पडवीत आल्या. मग चढणीवर सायकलची साखळी कुरकुरली, आणि घामाघूम झालेले गोरिवले फाटकातून आत आले. त्यांनी खिशातून काहीतरी काढून मास्तरांच्या हातात ठेवलं. चष्मा होता. त्याला बांगड्याचा वास येत होता.

"बुरोंडीला गेला होतात?" मास्तर म्हणाले. "एवढ्या दोन चढणी?"

"तुम्ही चष्मा असताना असं वाचता. नसताना काय वाचाल?" गोरिवले गडग्यावर बसले. "वहिनी, चहा आहे?"

लीलाताईंनी किटली पुन्हा चुलीवर ठेवली. मास्तरांनी चष्मा पुसला, घातला, आणि समोरचा माणूस त्यांना नीट दिसला. तो रागावलेला दिसत नव्हता.

"गोरिवले, मी तुमचं फार..."

"मला गणपतीतच कळलं होतं," गोरिवले म्हणाले.

मास्तर उठले आणि पुन्हा बसले.

"माझा मेव्हणा आला होता मुंबईहून. गोदीत टॅलीक्लार्क आहे, इंग्रजी वाचतो. त्याला पत्र दाखवलं. तो म्हणाला, यात इंटरव्ह्यू कुठंय? मग म्हटलं, तुम्ही सांगाल. आज सांगाल, उद्या सांगाल. तुम्ही नुसते खोकत राहिलात. काल भांडायला सांगितलंत तेव्हा म्हटलं, चला, भांडणात तरी सांगतील."

"आणि मी सांगितलं तर तुम्ही सदरा धरलात."

"मला कुठं कळलं सांगताय ते? मी एकदा कँप म्हटलं आणि तुम्ही पाच मिनिटं इंग्रजीत बोललात. मला वाटलं, परत काहीतरी कारण सांगताय. मध्येच गाय आली."

चहा आला. गोरिवल्यांनी बशीत ओतला, फुंकला, आणि म्हणाले, "मेव्हण्यापुढे मी तुमचं नाव नाही घेतलं. म्हटलं, मीच वाचलं चुकीचं."

मास्तरांना चष्मा पुन्हा काढून पुसावा लागला.

रविवारी दोघं मिळून आभार मानायला निघाले. कल्पना मास्तरांची, बरोबर जायचा हट्ट गोरिवल्यांचा. लीलाताईंनी घरच्या केळ्यांचे फणे बांधून दिले. महिपतानं केळी घेतली आणि पुढच्या वेळी आधी आपल्याकडे या, परस्पर धरपकड करू नका, असं बजावलं. काशीरामानं सांगितलं की आपण गेलो नसतो तर खून पडला असता. भिकाजीनं घंटेचं श्रेय मागून घेतलं. मास्तर सगळ्यांना हो म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच त्या प्रत्येकाचं देणं लागतो असं वाटत होतं. इतकं हलकं त्यांना गेल्या जूनपासून वाटलं नव्हतं.

मैना शेवटी भेटली, रस्त्यात, टोपली घेऊन येताना.

"मैना, तुझे फार उपकार झाले," मास्तर म्हणाले. "सगळ्यांत आधी तू धावलीस. भिंतीवरून उडी टाकलीस. एवढी माया कोण कोणावर करतं?"

मैनानं केळ्यांचा फणा घेतला आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ती जरा अवघडली.

"मास्तर, केळी दिलीत तर खरा सांगते. तुमी दोघा भांडत भांडत भिंतीकडं सरकत होता. भिंतीपलीकडं माझी टोपली. हा गोरिवल्यांचा असला देह. दोघा उलटून पडला असतात, तर माझ्या बांगड्यांची चटणी झाली असती. मी बांगड्यांसाठी धावले."

गोरिवले हसायला लागले ते रस्त्याच्या कडेला बसेपर्यंत हसले. मैनाही पदर तोंडाला लावून हसली. सोहोनी मास्तर हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मान लववली.

"तरीपण, मैना," ते म्हणाले. "आलीस ना तू."